बंदिवान राजाचे मुलगे

बायबलच्या जुन्या करारातल्या ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाचे सुरुवातीचे नऊ अध्याय म्हणजे बहुतांशी नावंच. ‘आदाम, शेथ, अनोश’ अशी सुरुवात होते आणि वाचणारे बहुतेक जण थेट दहाव्या अध्यायावर उडी मारतात. पण हा ग्रंथ कोणत्या लोकांसाठी लिहिला गेला, ते ध्यानात घेतलं की ही यादी कंटाळवाणी राहत नाही.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने यहुद्यांची राजधानी यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं. ५३९ मध्ये बाबेल पारसी राजा कोरेश याच्या हाती गेलं आणि लवकरच यहुद्यांना परतायची मुभा मिळाली. परतले त्यांना ना राजा, ना राज्य. पारसी साम्राज्यातला एक लहानसा प्रांत तेवढा वाट्याला आला. मग देवाने त्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याशी केलेल्या कराराचं काय? दावीद राजाचं सिंहासन सर्वकाळ टिकेल, हे नाथान संदेष्ट्याने सांगितलेलं वचन कुठे गेलं? इतिहासकाराने, म्हणजे या ग्रंथाच्या लेखकाने, त्यावर प्रवचन दिलं नाही, वंशावळ मांडली.

वंशावळीला तेव्हा रोजच्या व्यवहारातही वजन होतं. आपल्याकडे ती शोधावी लागते वाटणीच्या किंवा दाखल्याच्या वेळी. तिथेही वतन आणि याजकपद, म्हणजे मंदिरातलं पुरोहितपद, कुळावरच ठरत असे. परतलेल्यांपैकी काही याजक घराण्यांना आपली नोंद सापडेना, तेव्हा त्यांना याजकपदापासून दूर ठेवलं गेलं, असं बायबलमधल्याच एज्रा या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घ्यायची साधनं) असलेला याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र पदार्थ खायचे नाहीत, असा अधिपतीचा हुकूम होता.

तरीही इतिहासातली यादी निव्वळ शुद्ध रक्ताचा दाखला नाही. दाविदाचा पूर्वज यहूदा याचा वंश चालतो तो त्याची सून तामार हिच्या पोटी. त्याच वंशातल्या शेशानाला मुलगे नव्हते. त्याने आपली मुलगी यर्हा नावाच्या मिसरी दासाला दिली आणि त्याच्या पुढच्या पिढ्या लेखक एकेक करून मोजतो. अश्शूरी लोकांनी कधीच हाकून नेलेल्या रऊबेन, गाद या इस्राएली कुळांचीही नावं तो लिहितो. राजकीय नकाशावरून पुसली गेलेली कुळंही त्याच्या लेखी इस्राएलच होती.

खरी गोम मात्र तिसऱ्या अध्यायात आहे. यखन्या, म्हणजे दाविदाच्या घराण्यातला यहूदाचा राजा यहोयाखीन, तीन महिने गादीवर बसला आणि ५९७ मध्ये बाबेलला नेला गेला. ‘हा माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असता, तरी मी त्याला उपटून टाकलं असतं, याला निःसंतान म्हणून लिहा,’ अशा आशयाचं परमेश्वराचं वचन यिर्मया संदेष्ट्याने त्याच्याविषयी ऐकवलं होतं. त्याच्या वंशातला कुणी दाविदाच्या गादीवर बसणार नव्हता. इतिहासकार मात्र ‘बंदिवान यखन्या’ असं लिहून त्याचे सात मुलगे नोंदवतो. हे निव्वळ पोथीतलं नाही. बाबेलच्या उत्खननात मिळालेल्या मातीच्या पाट्यांवर यहूदाच्या या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना तेलाचा शिधा दिल्याची नोंद आहे.

त्याच घराण्यातला जरुब्बाबेल पुढे यरुशलेमात मंदिर उभारायला पुढे झाला. (तो पदायाचा मुलगा की शल्तीएलाचा, यावर बायबलमधल्या नोंदी जुळत नाहीत, त्यावर बरीच शाई खर्ची पडली आहे.) आजोबाला उपटून टाकलेल्या मुद्रेची उपमा, तर या नातवाला हाग्गय संदेष्टा देवाची मुद्रा म्हणतो. शिक्षा रद्द झाली नाही, जरुब्बाबेल राजा झालाच नाही. तरी देवाने हे घराणं सोडलं नव्हतं. इतिहासकार त्याच्यानंतरच्याही पिढ्या लिहीत जातो. त्यातल्या एकालाही सिंहासन मिळालं नाही.

पुढे नव्या करारात मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांच्या गटांत बसवताना योरामानंतरचे तीन राजे गाळले. यखन्याला मात्र त्याने ठेवलं, तेही बाबेलच्या देशांतराच्या ऐन टप्प्यावर.