विंडोलांडाची माती आणि रोमन शिबंदीची पत्रे

ओल्या मातीत पुरलेले लाकूड कुजते, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की एकोणीसशे वर्षांपूर्वीची, शाईने लिहिलेली लाकडी पत्रे ओल्याकिच्च मातीतून निघाली असे सांगितले, की ऐकणारा एक तर तो चमत्कार मानतो, नाहीतर रोमन लोकांना लाकूड टिकवण्याची एखादी गुप्त विद्या अवगत होती असे ठरवून टाकतो. उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या रोमन लष्करी ठाण्याच्या जागी १९७३ साली पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना अशी पहिली पत्रे सापडली, तेव्हा ती प्रथम सुताराच्या ढलप्याच वाटली होती. एकमेकींना चिकटलेल्या दोन ढलप्या अलग केल्यावर आतल्या बाजूला अक्षरे दिसली. त्यांवर कसलाही लेप नव्हता. त्यांना वाचवले ते मातीतील ऑक्सिजनच्या अभावाने.

रोमन फौजा इ.स. ४३ मध्ये ब्रिटनमध्ये उतरल्या आणि उत्तरेतील ब्रिगँटिस या मोठ्या जमातीचा मुलूख त्यांनी सत्तरच्या दशकात ताब्यात घेतला. अग्रिकोला या सुभेदाराने मोहीम पार स्कॉटलंडमध्ये नेली, परंतु डॅन्यूब नदीवरील लढायांसाठी सैन्य काढून घ्यावे लागल्याने सरहद्द मागे सरकत टाइन नदी आणि सॉलवेची खाडी यांच्यामधल्या पट्ट्यात येऊन थांबली. सम्राट हेड्रियनने १२२ साली बांधायला घेतलेली, सुमारे ११७ किलोमीटर लांबीची भिंत याच पट्ट्यात आहे. बहुतेक पत्रे मात्र त्या भिंतीच्याही आधीची आहेत. विंडोलांडाची शिबंदी, म्हणजे तिथे ठेवलेली फौज, इटलीहून आलेली नव्हती. ऱ्हाईनच्या बाजूच्या बटावी आणि टुंग्री या जमातींतून भरती केलेल्या पलटणी तिथे होत्या, आणि त्यांपैकी बटावींनी इ.स. ६९ मध्ये रोमविरुद्ध मोठे बंड केले होते. जिंकलेल्या एका जमातीकडून दुसरीचा बंदोबस्त करवून घेण्याची ही रीत या पत्रांत पानोपानी दिसते.

आता मातीकडे वळू. लाकूड कुजते म्हणजे सूक्ष्मजीव ते खातात. लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन हे चिवट द्रव्य असते. लिग्निन फोडण्याचे काम मुख्यतः बुरशी करते. त्यासाठी तिची विकरे (एन्झाइम) हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, आणि ऑक्सिजनशिवाय ते तयार होत नाही. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर एक लिटर थंड पाण्यात जेमतेम दहा-बारा. शिवाय पाण्यातून तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे पाण्याने गच्च भरलेल्या मातीतला ऑक्सिजन सूक्ष्मजीव लवकरच संपवतात आणि नवा पुरवठा तिथवर पोहोचत नाही. मागे उरलेले जीवाणू श्वसनासाठी आधी नायट्रेट, मग मँगनीज व लोहाची ऑक्साइडे आणि त्यानंतर सल्फेट वापरतात, परंतु दर पायरीला मिळणारी ऊर्जा घटत जाते आणि रेडॉक्स विभव, म्हणजे मातीची इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची ओढ, खाली उतरते. लोहाचे क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, ते हाडे व शेणातील फॉस्फेटशी संयोग पावते, तेव्हा व्हिव्हियानाइट हे खनिज बनते. मातीत ते फिकट असते आणि हवा लागताच निळे पडते. विंडोलांडाच्या खोल थरांत ते सापडते, आणि तिथे ऑक्सिजन पोहोचलेला नव्हता याचा तो ढळढळीत पुरावा आहे.

या स्थितीला ठाण्याचा इतिहासही कारणीभूत ठरला. जुन्या लाकडी इमारती पाडून, त्यांवर चिकणमाती आणि गवताच्या ढेपा पसरून नवे ठाणे उभारायचे, असे तिथे पुन्हा पुन्हा घडले. त्यामुळे नेच्याचा पाला आणि पेंढा अंथरलेल्या जुन्या जमिनी आपोआप झाकल्या गेल्या. आपल्याकडे विहिरीच्या तळाशी जांभळाचे लाकूड वर्षानुवर्षे टिकते, यामागेही ऑक्सिजनची हीच टंचाई मोठे कारण आहे. त्यावरून जांभळाची फळी टाकीत टाकल्यास पाणी शुद्ध होते असा जो प्रचार फिरत असतो, त्यावर विसंबून कोणी पाणी पिऊ नये.

पत्रे बाहेर काढल्यावर हवेने लाकूड काळवंडते आणि अक्षरे दिसेनाशी होतात. इथे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशचित्रण कामी आले. काळवंडलेल्या लाकडाचा रंग ज्या रेणूंमुळे येतो, ते दृश्य प्रकाश शोषतात, पण जवळच्या अवरक्त पट्ट्यातील फोटॉनची ऊर्जा त्यांच्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर नेण्यास अपुरी पडते. शाई मात्र काजळीची, म्हणजे कार्बनची होती. कार्बनच्या थरांत मोकळेपणी फिरणारे इलेक्ट्रॉन अवरक्त प्रकाशही शोषून घेतात. साहजिकच छायाचित्रात लाकूड उजळ आणि अक्षरे काळी उमटतात. पत्रे नुसती वाळवणेही धोक्याचे होते, कारण पोकळ झालेल्या पेशींतून पाणी जाताना त्याचा पृष्ठताण भिंतींना आत ओढतो. म्हणून पाण्याच्या जागी आधी अल्कोहोल आणि मग अत्यल्प पृष्ठताणाचे ईथर भरून ती सुकवण्यात आली.

अशा रीतीने वाचलेल्या मजकुरात टुंग्री पलटणीची हजेरी आहे. पटावर ७५२ जण, त्यांपैकी ४५६ बाहेरगावी. ठाण्यात उरलेल्या २९६ जणांतही ३१ जण कामास अपात्र, आणि त्यांतले दहा डोळे आल्यामुळे. एका हिशेबात मिरीसाठी दोन दिनार मांडले आहेत, आणि त्या काळी मिरी येत होती ती भारताच्या मलबार किनाऱ्यावरून. दुसऱ्या एका टिपणात ब्रिटन लोकांच्या घोडेस्वारांविषयी तुच्छतेने लिहिले आहे. छडीचा मार खाल्लेला एक मनुष्य तक्रार करतो की आपण समुद्रापलीकडून आलेलो आणि निरपराध आहोत. स्थानिक माणसाला तसे मारले असते तर कोणी हरकत घेतली नसती, असे त्यातून सूचित होते. त्या स्थानिक माणसाचे स्वतःचे पत्र आपल्याला मिळण्याची आशा नाही, कारण या जमातींमध्ये लेखनाची प्रथा नव्हती, आणि मातीचे रसायन कितीही अनुकूल असले तरी जे लिहिलेच गेले नाही ते ती जपू शकत नाही. त्यांच्याविषयी बोलतात ती गोल घरांच्या खांबांची भोके, बियाणे आणि जनावरांची हाडे.

या थरांना आता खरा धोका आहे तो कोरड्या उन्हाळ्यांचा. जमिनीतील पाण्याची पातळी खाली गेली की रिकाम्या झालेल्या छिद्रांतून ऑक्सिजन आत शिरतो आणि अडलेले कुजणे सुरू होते. म्हणूनच जवळच्या मॅग्ना या दुसऱ्या रोमन ठाण्याच्या उत्खननात मातीच्या स्थितीवरही लक्ष ठेवले जात आहे. जिथे थर कोरडे पडताना दिसतील तिथे सर्वांत आधी खोदावे, आणि जिथे ते ओले आहेत तिथे फावडे लावण्याची घाई करू नये, असे मला ठामपणे वाटते.