जीवाणुवाही कर्करोगोपचार

जनुकीय बदल करून रोगकारकता घटविलेल्या जीवाणूंकरवी कर्करोगावरील औषध अर्बुदापर्यंत (गाठीपर्यंत) पोहोचविण्याची किंवा अर्बुदातच ते तयार करविण्याची उपचारपद्धती. ती बव्हंशी प्रायोगिक अवस्थेत आहे. मूत्राशयाच्या कर्करोगात १९७६ पासून वापरात आलेली बीसीजी (क्षयाची लस) हिच्या जवळची असली, तरी तिच्यातील जीवाणू औषध वाहून नेत नाही, रोगप्रतिकारशक्तीला चेतवितो. म्हणून तिचा येथे फक्त उल्लेख केला आहे.

उगम : याविषयी मतभेद आहेत. बॉनचे शल्यचिकित्सक बुश यांनी १८६८ च्या सुमारास मानेवर गाठ असलेल्या एका स्त्रीला मुद्दाम धावरे (विसर्प) या रोगाचा संसर्ग घडविला. गाठ आकसली, पण सुधारणा टिकली नाही. पुढे फेहलायसेन यांनी धावऱ्याला कारण होणारा स्ट्रेप्टोकॉकस वेगळा करून कर्करोग्यांना टोचला. न्यूयॉर्कचे विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये जिवंत जीवाणू वापरले आणि रुग्ण दगावू लागल्यावर १८९३ च्या आसपास मारलेल्या जीवाणूंचे मिश्रण स्वीकारले. कोलींना या पद्धतीचे जनक मानण्याचा प्रघात आहे. मात्र त्यांचा भर ज्वर व शरीराची प्रतिक्रिया यांवर होता. त्यामुळे ‘वाहक’ ही कल्पना त्यांच्यापाशी शोधण्यापेक्षा १९५५ च्या प्रयोगाकडे पाहणे अधिक योग्य वाटते. त्या प्रयोगात माल्मग्रेन व फ्लॅनिगन यांनी शिरेतून दिलेले धनुर्वाताचे बीजाणू उंदरांच्या अर्बुदातच रुजतात, निरोगी ऊतकात रुजत नाहीत, असे दाखविले.

नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आधुनिक वैद्यक व आयुर्वेद या दोन्ही शाखा येतात. त्यामुळे सुश्रुतसंहितेतील एका उल्लेखाचा विचार येथे करावा लागतो. चिकित्सास्थानाच्या १८ व्या अध्यायात अर्बुदावर मांसयुक्त लेप लावून कृमी पडू द्यावेत, त्यांनी खाऊन उरलेला भाग खरवडून डागावा, असे सांगितले आहे. संहितेचा काळ निश्चित नाही. तिच्यावर अनेक शतकांचे संस्कार झाले असावेत. ‘कृमी’ म्हणजे जीवाणू असा अर्थ लावण्याचा मोह होतो, परंतु त्याच श्लोकात माश्यांचा उल्लेख असल्याने येथे अळ्याच अभिप्रेत आहेत, हे मत ग्राह्य धरावे. जिवंत प्राण्याकडून अर्बुद खाववून घेण्याची कल्पना एवढी जुनी आहे, हे मोलाचे आहेच. त्यासाठी अर्थ ताणण्याची गरज नाही. द्राक्षाच्या या जिल्ह्यात आणखी एक गल्लत संभवते. द्राक्षवेलीवर गाठ उठविणारा ॲग्रोबॅक्टेरियम-गटातील जीवाणू स्वतःची जनुके वनस्पतीत घालतो व अर्बुद निर्माण करतो. प्रस्तुत उपचाराच्या ते नेमके उलट आहे.

कार्यपद्धती : वेगाने वाढणाऱ्या अर्बुदातील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात. गाभ्यात ऑक्सिजन कमी पडतो, पेशी मरतात आणि रोगप्रतिकारक पेशींचा वावर मंदावतो. शिरेतून दिलेली केमोथेरपी नेमकी येथेच तोकडी पडते, तर अवायुजीवी (ऑक्सिजनविना जगणाऱ्या) व विकल्पी अवायुजीवी (ऑक्सिजन असो वा नसो, जगणाऱ्या) जीवाणूंना हीच जागा मानवते. उंदरांमध्ये साल्मोनेला या आतड्यात रोग घडविणाऱ्या जीवाणूची अर्बुदातील संख्या यकृतातील संख्येच्या हजारपट किंवा अधिक आढळली आहे.

येल विद्यापीठातील संशोधनातून तयार झालेल्या व्हीएनपी-२०००९ या साल्मोनेलात दोन जनुके काढली होती. एक काढल्याने आवरणातील लिपिड-ए हा विषारी घटक सौम्य होऊन रक्तातील जंतुदोषाचा (सेप्सिसचा) धोका घटला. दुसरे काढल्याने प्युरीन (डीएनएला लागणारा घटक) बाहेरून मिळाल्याखेरीज जीवाणू वाढेना. त्यातच सायटोसीन डिॲमिनेज हे विकर बसविलेला प्रकारही निघाला. ५-फ्लुओरोसायटोसीन या तुलनेने निरुपद्रवी औषधाचे अर्बुदातच ५-फ्लुओरोयुरॅसिल हे कर्करोगावरील औषध व्हावे, हा हेतू. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो व एमआयटी येथील गटांनी याहून सूक्ष्म योजना मांडली. जीवाणूंची दाटी ठरावीक पातळीला पोहोचली की बहुतेक एकदम फुटतात व औषध सांडते. उरलेले पुन्हा वाढतात. संख्या आपोआप आटोक्यात राहते, हे या रचनेचे खरे सौंदर्य. पुढे निस्ल-१९१७ या आतड्यातील ई. कोलाय प्रकारावर बरेच काम झाले.

चाचण्या : उंदरांतील यश माणसात उतरलेले नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हीएनपी-२०००९ घेतलेल्या २५ रुग्णांपैकी एकाचेही अर्बुद आकसले नाही. अर्बुदात जीवाणूंची वसाहत केवळ तिघांत आढळली. क्लॉस्ट्रिडियम नोव्ही-एनटी हा विषजनुक काढलेला प्रकार थेट गाठीत टोचला असता १६ पैकी ६ कुत्र्यांत पूर्ण वा अंशतः गुण आला (२०१४). भारतात लिस्टेरिया या जीवाणूवर आधारित लस गर्भाशयमुखाच्या प्रगत कर्करोगाच्या १०९ स्त्रियांना दिली गेली (२०१८). केमोथेरपी जोडलेल्या व न जोडलेल्या गटांचे आयुर्मान जवळपास सारखे राहिले.

नियमन : भारतात असे जीवाणू १९८९ च्या जनुक-अभियांत्रिकी नियमांखाली येतात. ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे आहेत, आणि ते रास्तच आहे. रुग्णाच्या विष्ठेतून जिवंत जीवाणू बाहेर पडू शकतात. नाशिकसारख्या गोदाकाठच्या शहराला सांडपाण्याचा हा प्रश्न दुय्यम मानता येणार नाही.