नेमियाचा दोर

दोन खांबांमध्ये दोन दोर ताणलेले, एक गुडघ्याच्या उंचीवर, दुसरा कमरेच्या. त्यांच्यामागे दगडी पट्टीवर अनवाणी धावपटू उभे. पट्टीत कोरलेल्या खाचांमध्ये त्यांनी पायाची बोटं रोवली आहेत. मागून हाक येते, ‘पोदा पारा पोदा’, म्हणजे पायाशी पाय. आणखी दोन हाका, आणि दोर खाडकन जमिनीवर आपटतात. शर्यत सुटते.

हे ग्रीसमधलं नेमिया. इसवी सनापूर्वी 573 पासून इथे झ्यूस या ग्रीक देवाच्या नावाने दर दोन वर्षांनी स्पर्धा भरत. मान ऑलिंपियाच्या पंगतीतला. पुढे त्या आर्गोस शहरात गेल्या आणि इथलं स्टेडियम मातीखाली गेलं. 1970च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ स्टीफन मिलर यांनी इथे उत्खनन सुरू केलं. मातीतून धावपट्टी वर आली, कपडे उतरवायची खोली आली, आणि खेळाडूंनी मैदानात उतरण्याचा 36 मीटर लांबीचा भुयारी रस्ताही. त्याच्या भिंतींवर आत थांबलेल्या माणसांनी कोरलेली नावं आजही वाचता येतात.

मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या मात्र सुरुवातीच्या रेषेजवळच्या दगडातल्या खोबणी. तिथे एक यंत्र बसवलेलं असायचं, ‘हिस्प्लेक्स’. त्याचं लाकूड आणि दोर कधीच कुजून गेले. उरलेल्या खोबणींवरून आणि प्राचीन पुराव्यांवरून मिलर आणि ग्रीक पुरातत्त्वज्ञ पानोस वालावानिस यांनी 1993 मध्ये ते पुन्हा उभं केलं.

त्याचं सगळं बळ पिळात आहे. खांबाचं बूड पीळ दिलेल्या दोरांच्या जुडग्यात अडकवलेलं असतं. खांब उभा करताना तो पीळ आणखी आवळला जातो आणि माणसाच्या हाताची ताकद दोरात साठून राहते. खांबाला खटक्याने अडवून ठेवतात. खटका सुटला की पीळ उलगडतो आणि खांब पुढे आदळतो. बाजेचा सुंभ काडी घालून आवळताना ती काडी हातून निसटली, तर बोटांवर बसणारा फटका आठवा. त्या काळातली दगडफेकी युद्धयंत्रंही याच तत्त्वावर चालत.

दोन्ही टोकांच्या खटक्यांच्या दोऱ्या मागे उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या हातात असतात. त्याने हिसका दिला की दोन्ही खांब एकदम पडतात, आणि सगळ्यांसमोरचा अडसर एकाच वेळी निघतो. हाकेला हे जमत नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. रांगेच्या एका टोकाहून ओरडलं, तर 20 मीटरवरच्या धावपटूला ते सुमारे 0.06 सेकंद उशिरा ऐकू येणार. पूर्ण वेगातला चांगला धावपटू तेवढ्यात अर्ध्या मीटरहून जास्त अंतर कापतो. आजच्या ऑलिंपिकमध्ये प्रत्येक धावपटूच्या मागे ध्वनिक्षेपक असतो, तो याच अडचणीवरचा उपाय. ग्रीकांनी तोच प्रश्न डोळ्यांसमोरच्या दोराने सोडवला, आणि जो घाई करील त्याच्या पायात तो दोरच येईल, अशी सोयही करून ठेवली. एवढी साधी आणि चोख रचना पाहून मन भरून येतं.

1 जून 1996 रोजी त्या मूळ धावपट्टीवर पुन्हा शर्यती झाल्या, आणि तेव्हापासून ही स्पर्धा अधूनमधून भरते आहे. धावायला निवडचाचणी लागत नाही. आजोबा, नातवंडं, बायका, पुरुष, सगळे पांढरे अंगरखे घालून आपापल्या वयाच्या गटात धावतात. पंच काळ्या झग्यात असतात, कारण या स्पर्धांचं मूळ ओफेल्तेस नावाच्या तान्ह्या बाळाच्या सुतकात आहे, अशी कथा आहे. रानटी सेलरीच्या पाल्यावर ठेवलेल्या त्या बाळाला साप चावला होता.

इथे विक्रमांची नोंद ठेवत नाहीत, पदकंही देत नाहीत. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर त्याच रानटी सेलरीचा हिरवा मुकुट चढवतात.