कोड टॅग की सिंटॅक्सहायलाइट टॅग? भानगड रंगांची नाहीच

नागपुरातल्या प्रोग्रामिंग करणाऱ्या मंडळींनी मिळून चालवलेल्या आमच्या विकीवर एक प्रश्न ठरलेला आहे: "भाऊ, कोड टाकला तं मधातच लाल काहून दिसून राहिला?" त्यावर उत्तरही ठरलेलं, "हायलाइटर बिघडला असंन." कोडला रंग देणारा हा हायलाइटर बिचारा त्या पानावर चाललेलाच नसतो. लिहिणाऱ्यानं कोड टॅग वापरलेला असतो, आणि त्याच्या मते तो सिंटॅक्सहायलाइट टॅगचा बिनरंगी भाऊ.

कोड टॅग सगळ्यांना एचटीएमएलपासून माहीत आहे: अक्षरं सारख्या रुंदीची होतात, बस. सिंटॅक्सहायलाइट हा मीडियाविकीच्या, म्हणजे विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, एक्स्टेंशनमधला (जोड-प्रोग्रॅममधला) टॅग. 'लँग'मध्ये भाषेचं नाव द्यायचं, की सर्व्हरवर पायगमेंट्स नावाचा पायथन प्रोग्रॅम कोडचे तुकडे ओळखून त्यांना रंग देतो. २०१५ साली आलेल्या १.२६ आवृत्तीच्या आधी हे काम जीशी नावाचा दुसरा प्रोग्रॅम करायचा. थीम कोणती चांगली यावर लोक तासन्‌तास भांडतात, त्यांना भांडू द्या. तीन ओळींच्या कोडला ओळ क्रमांक मात्र लावू नका, डोळ्यांना त्रास होतो.

खरा प्रश्न असा, की तुमचा कोड सगळ्यात आधी कोण वाचतं? कोड टॅगच्या आतला मजकूर विकीचा पार्सर, म्हणजे विकीच्या खुणा वाचून पान तयार करणारा भाग, इतर मजकुरासारखाच वाचतो. त्याच्या लेखी तो कोड नाहीच, विकीचा लेख आहे. सिंटॅक्सहायलाइटच्या आतला मजकूर मात्र तो न उघडता बाजूला ठेवतो आणि एक्स्टेंशनच्या हवाली करतो. रंग ही त्यानंतरची गोष्ट.

पायथनमध्ये शहरांच्या अक्षांश-रेखांशांची यादी करा. फक्त नागपूर असेल तर ती [[२१.१५, ७९.०९]] अशी होते. कोड टॅगमध्ये हे टाकलं की दुहेरी चौकटी कंस गायब, आणि '२१.१५, ७९.०९' नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या पानाची लाल लिंक तयार. आता मुंबई जोडा: [[२१.१५, ७९.०९], [१९.०७, ७२.८७]]. हे जसंच्या तसं दिसतं! पानाच्या नावात चौकटी कंस चालत नाहीत, म्हणून पार्सर इथं लिंकचा नाद सोडतो. एका शहरानं बिघडतं आणि दोन शहरांनी सुधारतं म्हटल्यावर माणूस पायथनवर संशय घेणार नाही तर काय करणार?

बॅशमधली दुहेरी कंसांची अट आणि सी प्लस प्लसमधलं [[नोडिस्कार्ड]] यांचीही तीच गत. तीन एकेरी अवतरणचिन्हांत लिहिलेली पायथनची डॉकस्ट्रिंग (फंक्शनचं वर्णन) ठळक होते आणि चिन्हं गिळली जातात. ओळीच्या सुरुवातीचा हॅश दिसला की क्रमांकाची यादी सुरू, म्हणजे सी शिकणाऱ्या पोराचं पहिलंच 'इन्क्लूड' यादीतला पहिला मुद्दा होऊन बसतं. पॉइंटरचा तारा ओळीच्या सुरुवातीला असेल तर बुलेट. जँगो या पायथन फ्रेमवर्कचे दुहेरी महिरपी कंस म्हणजे पार्सरला साच्याची (पानात भरायच्या तयार मजकुराची) हाक. यातलं काहीच रंगांनी दुरुस्त होत नाही.

म्हणूनच "साइटच्या जावास्क्रिप्टमध्ये प्रिझम किंवा हायलाइट डॉट जेएस टाका, कोड टॅगच चालवा" हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. ही रंग देणारी दोन्ही साधनं वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतात. तिथं पान पोचतं तोवर पार्सरनं कोडचा चिवडा केलेला असतो. आता तो चिवडा रंगीत दिसेल, एवढंच.

उलट उदाहरणही आहे. होस्टिंगवाल्यानं बाहेरचे प्रोग्रॅम चालवायला बंदी घातली असेल तर पायगमेंट्स चालत नाही. पण सिंटॅक्सहायलाइटमधला कोड तरीही साध्या अक्षरांत, एकही चिन्ह न हरवता दिसतो. भाषेचं नाव चुकलं तरी तसंच. म्हणून ज्याला रंग नकोत त्यानंही हाच टॅग वापरावा, 'लँग'मध्ये 'टेक्स्ट' लिहून. वाक्याच्या मध्ये एखादंच फंक्शन लिहायचं तर त्याला 'इनलाइन' जोडा, किंवा कोड टॅगच्या आत नोविकी, म्हणजे विकीच्या खुणा बंद ठेवणारा टॅग, घाला.

काही सावध मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. कोड चिकटवण्याआधी प्रत्येक 'पेक्षा लहान' चिन्हाचं एचटीएमएल एंटिटीत (चिन्हाऐवजी लिहायच्या संकेतात) रूपांतर करतात. कोड टॅगमध्ये ते बरोबर आहे. सिंटॅक्सहायलाइटमध्ये मात्र ती एंटिटी अक्षर न्‌ अक्षर छापली जाते, कारण आत काही उलगडायचंच नाही असं ठरलेलं आहे.

याच नियमाचा शेवटचा फटका साचे बनवणाऱ्यांना बसतो. साच्यात सिंटॅक्सहायलाइट टॅग लिहून आत पॅरामीटर (साचा वापरताना भरायची जागा) दिला, तर त्याची किंमत येत नाही, तिहेरी महिरपी कंसांसकट पॅरामीटरच छापला जातो. 'हॅश टॅग' (#tag) हे पार्सर फंक्शन वापरून किंमत आत पोचवता येते, पण मग कोड आधी पार्सरच्या हातात जातो आणि कोडमधली प्रत्येक उभी रेघ साच्याचा नवा पॅरामीटर ठरते. शेलमध्ये पाइप, म्हणजे हीच उभी रेघ, लिहिणाऱ्यानं काय करायचं? कोडसाठी साचे बनवूच नका, टॅग सरळ पानावर लिहा.