सोप्रानो, ए. जे.

अँथनी जॉन सोप्रानो (धाकटा). एचबीओ वाहिनीवरील ‘द सोप्रानोज’ (१९९९–२००७; सहा पर्वे, ८६ भाग) या अमेरिकन मालिकेतील पात्र. न्यू जर्सीतील माफिया टोळीचा प्रमुख टोनी सोप्रानो व कार्मेला यांचा मुलगा, मेडोचा धाकटा भाऊ. मालिकेचे जनक डेव्हिड चेस. भूमिका रॉबर्ट आयलर याची. शेवटच्या भागात टोनी मेला की वाचला, यावर प्रेक्षक अजून भांडतात. या मुलाचे पुढे काय, हा प्रश्न मात्र त्या वादात मागे पडतो, आणि मालिकेचे खरे दुःख तिथेच आहे.

बाप काय करतो हे त्याला पहिल्याच पर्वात कळते. शाळेत मारामारी ठरलेला दांडगा मुलगा ऐन वेळी माघार घेतो. का, ते मेडो त्याला सांगते. मग एका अंत्यविधीत दूर उभे राहून फोटो काढणारे एफबीआयचे लोक त्याला दिसतात. तो बापाकडे पाहतो. टोनी डोळा मिचकावतो.

टोनीला मुलगा धंद्यात नको आहे आणि दुसरे काही शिकवणे त्याला जमत नाही. तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात (२००१) हे सगळे एकत्र येते. दिवंगत टोळीप्रमुखाचा मुलगा जॅकी अप्रील (धाकटा) बापासारखे होण्याच्या नादात डोक्यात गोळी लागून मरतो. त्याच भागात, पेपर चोरल्याबद्दल शाळेतून काढलेला ए. जे. लष्करी शाळेचा गणवेश घालून आईबापासमोर उभा राहतो आणि कोसळतो. टोनीला येतात तसेच हे घबराटीचे झटके. आपले सडके रक्त पोराला लागले, असे टोनी पुढे सहाव्या पर्वात आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला सांगतो. धंदा नाही, पण दुखणे वारशाने आले.

पुढे कॉलेज सुटते, किरकोळ नोकऱ्या होतात. टोनीचा काका, अंकल ज्युनियर, याने टोनीवर गोळी झाडली म्हणून त्याला मारायला ए. जे. चाकू घेऊन जातो आणि पकडला जातो. प्रेयसी ब्लांका ठरलेले लग्न मोडते तेव्हा तो खचतो. त्याला माणसांत आणायला टोनी त्याला टोळीतल्याच माणसांच्या मुलांकडे पाठवतो, जी कॉलेजात सट्टा चालवतात व वसुलीसाठी छळ करतात. थोड्याच दिवसांत ए. जे. घरच्या पोहण्याच्या तलावात जीव द्यायचा प्रयत्न करतो. टोनी कपड्यांनिशी पाण्यात उडी मारून त्याला बाहेर ओढतो, आधी खेकसतो, मग तान्ह्या बाळासारखा उराशी धरतो. ८६ भागांत इतका असहाय टोनी क्वचितच दिसतो.

शेवटी ए. जे. सैन्यात जायचे म्हणतो. आईबाप त्याला न्यूयॉर्कच्या माफिया प्रमुखाचा मुलगा लिटल कार्माइन याच्या चित्रपट कंपनीत काम आणि नवी बीएमडब्ल्यू देऊन तो विचार विकत घेतात. काही समीक्षक याला सुटका मानतात. ती मानणे अवघड आहे, कारण त्या कंपनीतला पैसाही टोळीवाल्यांचाच.

१० जून २००७ रोजी दाखवलेल्या अखेरच्या प्रसंगात कुटुंब न्यू जर्सीतल्या ब्लूमफील्डच्या हॉलस्टन्स या उपाहारगृहात जमते. मेडो बाहेर गाडी लावते आहे. चांगले क्षण लक्षात ठेवावेत असे तुम्हीच एकदा म्हणाला होता, याची ए. जे. बापाला आठवण देतो. पहिल्या पर्वाच्या शेवटी, वादळात वीज गेलेली असताना, टोनी हे मेणबत्तीच्या उजेडात खरोखर बोलला होता. आता त्याला ते आठवत नाही.