'जर्नी'तला ज आणि 'आज'मधला ज

गाडीत बसलो की "हॅपी जर्नी"चे मेसेज येतात, आपणही पाठवतो, पण या जर्नीचा मूळ अर्थ प्रवास नव्हताच, दिवस होता!

फ्रेंचमध्ये जूर म्हणजे दिवस, बोंजूरमधला तोच. त्यावरून जूर्ने, म्हणजे दिवसभराचं काम किंवा दिवसभरात जेवढी वाट कापून होईल तेवढी वाट. इंग्लिशमध्ये हा शब्द साधारण १२०० च्या सुमारास आला आणि १७५५ च्या सॅम्युअल जॉन्सनच्या डिक्शनरीत सुद्धा जर्नीचा पहिला अर्थ 'एका दिवसाचा प्रवास' असाच आहे. आपली मजल अगदी हीच की! मूळ अरबी मंझिल, एका दिवसात गाठायचा टप्पा, म्हणून तर 'मजल दरमजल करत' म्हणतो, अंतर चालणाऱ्याच्या पायांनी आणि बैलांच्या दमाने मोजायचे दिवस ते. जर्नल म्हणजे रोजनिशी तीही याच कुळातली, आणि जर्नीमन म्हणजे भटका नाही हं, रोजावर काम करणारा कारागीर.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते या 'ज'चं. जूर आला लॅटिन दिउर्नुमवरून, त्यात ज नाहीच, मग आला कुठून? 'द्य' पटापट दहा वेळा म्हणून बघा. द साठी जीभ दातांना टेकते, लगेच य साठी मधला भाग टाळूकडे उचलावा लागतो, घाईत दोन्ही एकत्र होतात आणि ज सारखं काहीतरी ऐकू येतं. लॅटिनमधल्या 'दिउ'चं हेच झालं. आणि आपल्याकडे पण हेच झालंय, विद्युतची प्राकृतात विज्जु, मग वीज, अद्यचं अज्ज, मग आज. (मराठीत हा ज पुढे दातांकडे सरकला, 'जग'मधल्यासारखा, ते वेगळं.)

आता अद्य फोडा, 'अ' म्हणजे हा आणि 'द्यु' म्हणजे दिवस. हा द्यु, आपला दिवस आणि लॅटिनमधला दिवसवाचक दिएस, ज्यावरून दिउर्नुम झालं, हे सगळे एकाच जुन्या धातूचे, अर्थ चमकणं, उजळणं. म्हणजे हजारो मैलांवर वेगळ्या झालेल्या दोन भाषांनी एकाच धातूच्या शब्दांत एकाच पद्धतीने ज केला, तिकडे जर्नी, इकडे आज.

आणि इंग्लिशचा स्वतःचा डे? दिवससारखा वाटतो खरा, पण तो या घरचा नाही, त्याचं मूळच वेगळं.