इंग्रजीतील ‘सिन्स’ आणि ‘फॉर’

पूर्वी सुरू झालेली क्रिया अजून चालू आहे आणि तिला इतका काळ झाला, हे सांगताना इंग्रजीत दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. एक, क्रियापदाचा पूर्ण काळ, म्हणजे ‘हॅव’ लावून होणारे रूप. दुसरी, ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतला योग्य शब्द. मराठीत हे काम वर्तमानकाळ आणि ‘पासून’ एवढ्यावर भागते. रजेच्या अर्जातले ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज’ हे वाक्य त्यातूनच जन्मले. ‘मी दोन दिवसांपासून तापाने आजारी आहे’ याचे ते शब्दाला शब्द ठेवून केलेले रूप आहे. प्रमाण इंग्रजीत ते ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज’ किंवा ‘सिन्स मंडे’ असे होते.

‘सिन्स’नंतर क्रिया जिथून सुरू झाली तो क्षण येतो: सोमवार, 2015, सकाळ, लग्न. ‘फॉर’नंतर मोजलेली लांबी येते: दोन दिवस, दहा वर्षे, बराच वेळ. मराठीतला ‘पासून’ हा फरक करत नाही. तो ‘सोमवारपासून’ही चालतो आणि ‘दोन दिवसांपासून’ही. ‘गेल्या दोन वर्षांपासून’ म्हणायची सवय असल्याने ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ हे रूप भारतात सर्रास ऐकू येते. तिथे ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ हवे. ही अडचण फक्त आपलीच नाही. जर्मन ‘झाइट’ आणि फ्रेंच ‘दप्वी’ हे शब्दही क्षण आणि लांबी दोन्हींना चालतात आणि त्यांच्यासोबत क्रियापद वर्तमानकाळातच राहते. जर्मन माणूस ‘इश वोने झाइट त्सेन यारेन हिअर’ म्हणतो, म्हणजे हुबेहूब ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’. ‘झाइट’ आणि ‘सिन्स’ मुळात एकाच कुळातले. जुन्या इंग्रजीत ‘त्यानंतर’ अशा अर्थाचा ‘सिथन’सारखा शब्द होता, त्याला ‘वन्स’, ‘ट्वाइस’ यांच्या शेवटी आहे तोच ‘स’ लागून पुढे ‘सिन्स’ झाला. ‘नंतर’ म्हटले की कशानंतर ते सांगावे लागते, आणि म्हणूनच तो आरंभबिंदू मागतो.

शाळेत सगळा भर ‘सिन्स’ आणि ‘फॉर’च्या जोड्या जुळवण्यावर असतो. खरी घसरण क्रियापदात होते. ‘सिन्स टू डेज’ चुकले तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. काळ चुकला तर अर्थच सरकतो. ‘हाउ लाँग आर यू हिअर फॉर?’ असे विमानतळावरचा अधिकारी विचारतो, तेव्हा त्याला एकूण मुक्काम किती दिवसांचा आहे हे हवे असते, पुढचे दिवस धरून. ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?’ म्हणजे येऊन किती दिवस झाले. पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर दिले की गोंधळ ठरलेला. साधा भूतकाळ वापरला तर गोष्ट संपते: ‘आय वर्क्ड देअर फॉर टेन इयर्स’ म्हणणाऱ्याने ती नोकरी सोडलेली आहे. ‘हॅव वर्क्ड’ किंवा ‘हॅव बीन वर्किंग’ म्हणणारा बहुधा अजून तिथेच आहे. मराठीतही ‘दहा वर्षे राहिलो’ आणि ‘दहा वर्षे राहतोय’ असा भेद आहेच, फक्त तो भूत आणि वर्तमान यांच्यात विभागलेला आहे.

पूर्ण काळाची दोन रूपे आहेत. ‘हॅव बीन रायटिंग’ क्रियेच्या चालूपणावर बोट ठेवते, ‘हॅव रिटन’ हाती आलेल्या निष्पत्तीवर. ‘सकाळपासून पत्रे लिहितोय’ याला पहिले रूप, ‘सकाळपासून तीन पत्रे लिहिली’ याला दुसरे. इथे मराठीही क्रियापद बदलते, त्यामुळे हा भाग आपल्याला सोपा जावा. जाणणे, असणे, मालकीचे असणे अशा स्थितिवाचक क्रियापदांना मात्र चालू रूप सहसा चालत नाही. ‘आय हॅव बीन नोइंग हिम’ नव्हे, ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’.

होकारार्थी वाक्यात ‘फॉर’ बरेचदा गळतो: ‘आय हॅव बीन हिअर टेन इयर्स’. नकारार्थी वाक्यात तो सहसा ठेवावा लागतो, आणि अमेरिकेत त्याच्या जागी अनेकदा ‘इन’ येतो: ‘आय हॅवन्ट सीन हिम इन इयर्स’. ‘पूर्वी’ या अर्थाचा ‘अगो’ मात्र या कुटुंबात बसत नाही. तो क्रिया केव्हा घडली ते सांगतो, किती काळ चालली ते नाही, म्हणून त्याच्यासोबत साधा भूतकाळ येतो.

मराठीतून जवळजवळ जशीच्या तशी उतरणारी एक रचना आहे, ती फारशी शिकवली जात नाही. ‘मला इथे येऊन दहा वर्षे झाली’ याला ‘इट्स बीन टेन इयर्स सिन्स आय केम हिअर’ म्हणता येते. वर्षे आधी, येणे नंतर, एवढीच उलटापालट. आणि ‘सिन्स’च्या मागून येणारे ‘केम’ साध्या भूतकाळात.